माळ्यावरचा व्हिडिओ गेम : सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत माळा आवरताना जुना टीव्ही गेम सापडला आणि मी शहाणपणा करून त्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून शाळेतली पोरं (सगळी चाळिशीची, पण पोरंच), ऑफिसातले लोक, शेजारचे आणि सगळ्यात जास्त माझा भाचा, सगळे तेच तेच विचारायलेत. प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. एक आधीच सांगतो, आमच्याकडं त्या गेमचं माहितीपुस्तक वगैरे कधीच नव्हतं, जे काय माहीत होतं ते गल्लीनं सांगितलेलं, आणि गल्ली निम्मं खोटं सांगत होती हे आता कळायलंय.

प्रश्न : मामा, तुमच्याकडं निन्टेन्डो होता का?

नव्हता, आणि एका अर्थी होता पण. 1996 च्या दिवाळीला काकांनी मुंबईहून आणला, महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरले आणि स्टेशनपासून शाहूपुरीतल्या आमच्या घरापर्यंत ते खोकं मी डोक्यावर घेऊन आलो, रिक्षा असताना. खोक्यावर रेसच्या गाडीचं असं चित्र होतं की तसला गेम त्यात कधीच निघाला नाही. आत पांढरं-लाल मशीन, दोन रिमोट, एक बंदूक, एक अडॅप्टर आणि वायरींचं भेंडोळं.

खरी गोष्ट अशी की निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीनं 15 जुलै 1983 ला जपानात फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला, तोच 1985 ला रूप बदलून अमेरिकेत एनईएस म्हणून गेला, आणि आपल्याकडं पेठापेठांत जे पोचलं ते बहुतेक सगळं फॅमिकॉमची नक्कल. ओळखायची खूण म्हणजे कॅसेट (गेम असलेली, मशीनमध्ये खुपसायची डबी), जपानी कॅसेटला 60 पिना आणि अमेरिकेतल्या कॅसेटला 72, आपल्या सगळ्या 60 वाल्या. मूळ मशीनमध्ये प्रोसेसर वेगळा आणि चित्र काढणारी चिप वेगळी असायची, नंतरच्या नकलांत सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वर डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा गोळा. बाहेरून काहीही असो, आतून सगळे एकाच आईची लेकरं. नंतर तर प्लेस्टेशनसारखी दिसणारी मशीनं आली, झाकण उघडायचं तर आत सीडीच्या जागी कॅसेटचं भोक! एका मित्रानं असलं मशीन आणून आठवडाभर भाव खाल्ला होता आणि मग झाकण उघडल्यावर सगळी गल्ली हसली.

निन्टेन्डो हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला. तोपर्यंत सात-आठ वर्षं त्यांचेच गेम खेळत होतो.

प्रश्न : कॅसेट का म्हणता, ती कार्ट्रिज आहे ना?

असेल. आम्ही कॅसेट म्हणायचो, कंट्रोलरला रिमोट म्हणायचो आणि मेला की "औट". आता बदलणार नाही.

प्रश्न : दोन नंबरच्या रिमोटवरनं एवढी भांडणं का व्हायची?

कारण दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट बटणच नव्हतं. हे फॅमिकॉमपासूनचं आहे, मूळ जपानी मशीनच्या दुसऱ्या रिमोटवर त्या बटणांच्या जागी चक्क छोटा माईक होता, आमच्याकडं माईकही नव्हता आणि बटणंही. म्हणजे गेम कुठला लावायचा, कधी सुरू करायचा, आई हाक मारायला लागल्यावर कुणाच्या डावात पॉज करायचं, सगळा कारभार एक नंबरवाल्याच्या हातात. घर माझं म्हणून एक नंबर माझा. दोन नंबर पाहुण्याचा. आणि माझी बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तिला दोन नंबरही सगळी पोरं घरी गेल्यावरच. "मी पण खेळतो की" म्हणत दारात उभी असायची (बाहेरगावच्यांसाठी : कोल्हापुरात पोरीसुद्धा "मी खेळतो, मी जातो" म्हणतात, टाईप करताना चूक झालेली नाही).

प्रश्न : "9999999 इन 1" लिहिलेल्या कॅसेटीत खरंच तेवढे गेम होते?

हा प्रश्न विचारणाऱ्यानं लहानपणी सगळे नंबर लावून बघितले नसतील, मी बघितलेत, निदान पहिले दोन-अडीचशे. खरे गेम असतील दहा-वीस, बाकी सगळी यादी म्हणजे तेच गेम फिरून फिरून. पण आता त्यातली करामत कळते तेव्हा मजा वाटते, कारण ते नुसतं नाव बदलून फसवणं नव्हतं, मेनूवाला प्रोग्राम गेम सुरू करतानाच मेमरीतला एखादा आकडा बदलून द्यायचा, म्हणजे 14 नंबरला मारिओ पहिल्या स्टेजपासून, 57 नंबरला तोच मारिओ मधल्याच कुठल्यातरी स्टेजपासून, आणि अजून पुढं कॉन्ट्रा, म्हणजे गोळीबाराचा गेम, सुरुवातीपासूनच चांगली बंदूक हातात घेऊन. आमच्या गल्लीत एका वहीत हे नंबर लिहिलेले होते, गणिताची वही, मागच्या बाजूनं. ती वही परीक्षेच्या आदल्या दिवशी पण मागून न्यायचे लोक, गणितासाठी नाही.

नावंही धड नसायची. कुणी वाचतच नव्हतं म्हणा, आमची आमची नावं होती. अॅडव्हेंचर आयलंड म्हणजे "फळंवाला" कारण तो फळं खात पळतो आणि फळं नाही मिळाली तर दम संपून मरतो. सर्कस चार्ली म्हणजे "सिंहवाला". रोड फायटर नुसता "गाडी", त्यात पेट्रोल संपत आलं की सगळी खोली गप्प व्हायची.

प्रश्न : फुंकर मारल्यावर खरंच चालायची का?

चालायची. पण फुंकरेनं नाही. कॅसेटच्या खालच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर हवेनं नि दमटपणानं थर चढतो आणि मशीनच्या आतल्या पिनांना नीट चिकटत नाहीत. आपण काय करायचो, कॅसेट काढायचो, फुंकायचो, परत दाबून बसवायचो, तर त्या काढण्या-बसवण्यातच पट्टी घासली जाऊन काम व्हायचं आणि श्रेय मिळायचं फुंकरेला. उलट तोंडातल्या ओलाव्यानं पट्ट्या लवकर खराब होतात, फुंकू नका असं निन्टेन्डोनंच सांगून ठेवलंय. आणि कोल्हापूरचा पावसाळा, जून ते सप्टेंबर भिंतीला पण ओल, तिथं अजून वरनं थुंकीची भर.

तरी फुंकायची स्टाईल प्रत्येकाची वेगळी होती. एकजण माऊथऑर्गनसारखा डावीकडनं उजवीकडं, एकजण तीनच जोरात, आणि एक होता तो फुंकून झाल्यावर कॅसेट शर्टाला पुसून कपाळाला लावायचा. त्याची कॅसेट हमखास चालायची. ह्याचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

आता करायचं असेल तर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. मेडिकलमध्ये मिळतं.

प्रश्न : गेम खेळून टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते हे खरं का?

आईचा प्रश्न आहे हा, 1996 पासून. एकच चित्र तासन्‌तास, दिवसच्या दिवस न हलता ठेवलं तर जुन्या काचेच्या टीव्हीवर त्याचा डाग पडतो हे खरं आहे, म्हणजे आई, तू पूर्ण चूक नव्हतीस. पण रविवारी दोन तास मारिओ खेळून ट्यूब जात नाही, तो तर पळत असतो सारखा.

खरा त्रास वेगळाच होता, चॅनेल लावायचा. आमचा टीव्ही बटणांचा, एक फळी उघडली की आत बारीक चक्र्या, मागं अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची आणि एकजण चक्री फिरवतोय, एकजण लांबनं सांगतोय "आलं आलं... गेलं... माग घे, माग घे की लेका!" मशीन म्हणजे एक छोटं दूरदर्शन केंद्रच होतं, चित्राचा सिग्नल करून वायरीतनं टीव्हीला पाठवायचं आणि टीव्हीला वाटायचं हे कुठलंतरी चॅनेलच आहे. हे सगळं जमून येईपर्यंत लाईट जायची. आणि बाबा बातम्या बघायला आल्यावर चक्री परत जाग्यावर आली नसेल तर मुंग्या, आणि मग आमच्या पाठीत धपाटा.

प्रश्न : ती बंदूक कशी काम करायची? गोळी तर नव्हती!

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि उत्तर कळलं तेव्हा मी एकटाच बसून "आयला" म्हणालो.

आमची समजूत अशी होती की बंदुकीतनं कसलातरी किरण निघतो आणि टीव्हीच्या काचेला लागतो. त्यामुळं कुणी बंदूक माणसावर धरली तर ओरडायचो, डोळे जातील म्हणून. सगळं उलटं. बंदुकीतनं काहीच बाहेर पडत नाही, उलट ती बघते. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा एक छोटा सेन्सर आहे. डक हंट म्हणून बदकं मारायचा गेम होता, त्यात चाप ओढला की गेम एका क्षणासाठी सगळा पडदा काळा करतो, आणि लगेच पुढच्या क्षणी फक्त बदक जिथं आहे तिथं पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर आधी एकाच्या जागी चौकोन, मग दुसऱ्याच्या, कुठल्या वेळी उजेड दिसला त्यावरनं कुठलं बदक पडलं ते कळतं. चाप ओढल्यावर पडदा लख्खकन चमकायचा तो याचमुळं, आम्हाला वाटायचं बार उडाला म्हणून चमकला!

मग बल्बवर धरून फसवता येत नाही का? आमच्या गल्लीत एकजण शपथेवर सांगायचा की तो ट्यूबलाईटवर धरून सगळी बदकं पाडतो, पण कधी कुणाला दाखवली नाहीत. एकतर आधी अंधार दिसावा लागतो, आणि वरनं तो सेन्सर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर उजेड ज्या वेगानं ओळीओळीनं फिरतो, सेकंदाला साधारण 15 हजार ओळी, त्याच लयीला जुळवलेला असतो. म्हणूनच आजच्या एलईडी टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. एलईडीवर तसा ओळीओळीनं फिरणारा उजेड नाही, आणि चित्र यायलाही किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीचा विचारायचा वेळ निघून गेलेला. बंदूक खराब नाहीये, फेकू नका.

आम्ही टीव्हीला नळी टेकवून मारायचो, काचेजवळ हातावरचे केस उभे राहायचे. आणि तरीही चुकायची, कारण दोन नंबरचा रिमोट. डक हंटच्या पहिल्या प्रकारात, जिथं एकच बदक येतं तिथं, दुसऱ्या रिमोटनं बदक हलवता येतं! मला हे वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. आमच्याकडं तो रिमोट बहिणीच्या हातात असायचा, "तू धरून बस नुसतं" म्हणून दिलेला. बदक असं पिसाळल्यासारखं का उडतंय म्हणून मी अर्धं बालपण घालवलं आणि ती गप्प बसून खाली बघत हसायची.

प्रश्न : तो हसणारा कुत्रा मारता येतो का?

डक हंटमध्ये नेम चुकला की हसतो तो ना, घरच्या गेममध्ये नाही. दुकानातल्या मोठ्या मशीनवरचं डक हंट होतं त्यात एका बोनस फेरीत कुत्र्याला गोळी लागते. आमच्याकडं ते मशीन आलं असतं तर कोल्हापुरात रांग लागली असती.

प्रश्न : रणगाडावाला गेम कुठला? त्यात तुम्ही एकमेकांशी का भांडायचात?

बॅटल सिटी, नामको कंपनीचा, 1985 चा. मूळ फक्त जपानात निघालेला, अमेरिकेतल्या पोरांना तेव्हा मिळाला नाही आणि आम्हाला फुकटातल्या कॅसेटीत मिळाला, ही एक गोष्ट आपल्या वाट्याला बरी आली. 35 स्टेज, प्रत्येक स्टेजला शत्रूचे 20 रणगाडे, खाली मधोमध विटांच्या आत आपला गरुड, तो फुटला की खेळ खलास. दोघं मिळून खेळायचा गेम आहे पण आपली गोळी आपल्याच माणसाला लागते, मरत नाही, पण तो जागच्या जागी थोडा वेळ गोठतो. ह्या एका सोयीमुळं जेवढी भांडणं झाली तेवढी शत्रूच्या 20 रणगाड्यांमुळं झाली नाहीत. आणि चिडलेला माणूस शेवटी काय करायचा, तर वळून आपलाच गरुड उडवायचा. शांतपणे.

त्यात स्वतः नकाशा बांधायची सोय होती, कन्स्ट्रक्शन म्हणून, आणि इथं आमच्या गल्लीचा खरा नाद. विटा, पोलाद, पाणी, झाडी सगळं हातात. गरुडाभोवती नुसतं पोलाद टाकून "पन्हाळा" बांधायचा, वेढा कितीही पडू दे. त्यावर पण एकानं तोड काढली, तारे गोळा करत गेलं की आपल्या रणगाड्याची गोळी पोलाद फोडते, मग काय, फितुरी. पन्हाळा बांधायलाच अर्धा तास, आणि लाईट गेली की सगळं साफ, कारण सेव्ह नावाचा प्रकार नाही. जपानी नि अमेरिकन काही कॅसेटींत सेव्हसाठी बारीक बॅटरी असायची, आमच्या स्वस्तातल्या कॅसेटीत कुठली बॅटरी.

प्रश्न : कॉन्ट्रात 30 लाईफ कशा घ्यायच्या? कोड आठवतोय का?

आईचा वाढदिवस विसरेन. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए स्टार्ट. आमच्या गल्लीत ह्याची चार-पाच वेगवेगळी रूपं होती आणि प्रत्येकजण आपलंच खरं म्हणून सांगायचा, एकाच्यात तर मध्ये रिमोट उलटा धरायचा होता.

हा कोड मुळात कॉन्ट्राचा नाही. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ग्रॅडियस नावाचा विमानाचा गेम 1986 ला घरच्या कन्सोलसाठी तयार करत होते, तो इतका अवघड की चाचणीत त्यांनाच खेळता येईना, म्हणून स्वतःसाठी ही पळवाट ठेवली आणि काढायची राहून गेली. मग कंपनीनं पुढच्या गेममध्येही ठेवली, 1988 च्या घरच्या कॉन्ट्रात पण. 2020 ला वारले ते. आमच्या कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं आणि रोज दहादा त्यांचं भलं करत होतो.

30 लाईफ असूनही आमचा आठव्या स्टेजपर्यंत जीव जायचा ते एकमेकांमुळं. तिसऱ्या धबधब्याच्या स्टेजला वरचा माणूस पुढं गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. "थांब की! थांब की रं!" म्हणेपर्यंत दोन लाईफ गेलेल्या. आणि ज्याच्या संपतील त्यानं ए दाबला की सोबत्याची एक लाईफ उचलता येते, न विचारता. एका मित्राकडनं माझ्या असल्या कमीत कमी शंभर लाईफ येणं आहेत, संबंधितांनी बघून घ्यावं, सध्या तो एका मोठ्या बँकेत कर्ज वसुलीला आहे.

प्रश्न : यूट्यूबवर मारिओ बघितला तर तो आमच्यापेक्षा जोरात पळतो, का?

तुमची आठवण बरोबर असू शकते. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र काढायचा, आपला 50 वेळा. गेम चित्राच्या तालावर चालतो, त्यामुळं आपल्या टीव्हीसाठी केलेल्या मशीनवर सगळं एक षष्ठांश हळू. आपला मारिओ दुपारी जेवून निघालेला.

अजून एक त्यातलंच : मारिओतले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, रंग फक्त बदललाय. वर पांढरं टाकलं ढग, खाली हिरवं टाकलं झुडूप. मी हे भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला "चीटिंग". लेका, तो सगळा गेम, 32 स्टेज, गाण्यासकट 40 केबीत बसवलाय, तुझे आजोबा रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचं जे गुड मॉर्निंग पाठवतात ते त्याच्यापेक्षा मोठं असतं. आणि मशीनची कामाची मेमरी 2 केबी. दोन! एका आडव्या ओळीत आठच हलणाऱ्या तुकड्यांची चित्रं काढायची ताकद, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे, आम्हाला वाटायचं त्यांनी काहीतरी जादूची गोळी खाल्ली.

प्रश्न : गेमची दुकानं होती का कोल्हापुरात?

होती की. राजारामपुरीत, मंगळवार पेठेत, गल्लीच्या तोंडाला एखाद्या गाळ्यात दोन-तीन टीव्ही, पडदा लावलेला, आत सायकल दुकानासारखा वास आणि तासावर पैसे. मालकाकडं एक गजराचं घड्याळ. माझ्याकडं घरी गेम असून मी जायचो कारण तिथं कॅसेट बदलून मिळायची, आपली द्यायची वर काही पैसे टाकायचे आणि दुसरी घ्यायची. फसवणूक दोन्हीकडनं. मी एकदा न चालणारी कॅसेट उन्हात तापवून "गरम आहे म्हणजे आत्ताच चालवून आणली" म्हणून खपवली, आणि बदल्यात जी आणली ती पण बंद निघाली.

प्रश्न : पुरात भिजलेली कॅसेट चालेल का?

कोल्हापुरात हा प्रश्न चेष्टेचा नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी आलं तेव्हा मशीन माळ्यावर होतं म्हणून वाचलं, कॅसेटींचा बिस्किटाचा डबा खालच्या कपाटात होता. पाणी उतरल्यावर बघितलं तर डब्यात चिखलाचं लोणचं. शेजारच्या कुंभार गल्लीत लोकांच्या गणपतीच्या मूर्ती गेल्या होत्या, तिथं मी कॅसेटींचं काय रडणार, तसाच डबा धुऊन गच्चीवर टाकला आणि विसरलो.

तर सांगायचं म्हणजे, बऱ्याच चालतात. गेम चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो, टेपसारखा पुसला जात नाही, आणि ह्या नकली कॅसेटीत चिप त्या काळ्या गोळ्याखाली बंद असते म्हणून पाणी आत शिरत नाही. मूळ कंपनीच्या महागड्या कॅसेटीपेक्षा आमच्या ह्या फालतू काळ्या गोळ्याला पुराची भीती कमी असं मी तरी म्हणतो. फक्त चालू करायची घाई करू नका. कव्हर उघडा (बहुतेक नुसतं खटक्यावर असतं), साध्या पाण्यानं चिखल काढा, मग अल्कोहोल, मग दोन-तीन दिवस सावलीत. हिरवा गंज आला असेल तर खोडरबर. माझ्या अकरातल्या सात चालल्या. मारिओ चालली. बॅटरीवाली असेल तर मात्र सेव्ह केलेलं गेलं म्हणून समजा.

प्रश्न : आता खेळायचं असेल तर काय?

जत्रेतल्या खेळण्याच्या दुकानांत अजून तसली मशीनं मिळतात. निन्टेन्डोनं 2016 ला छोटं एनईएस काढलं होतं 30 गेम आत भरून, एचडीएमआयवालं. त्यांच्या स्विच नावाच्या कन्सोलवर पण जुने गेम वर्गणी भरून मिळतात. फुकटात उतरवून घेणं कायद्यात बसत नाही, आणि आम्ही सगळं बालपण नकलेवर काढलंय त्यामुळं मी जास्त बोलत नाही.

प्रश्न : प्लेस्टेशनबद्दल काहीच नाही?

आलं आमच्याकडं, उशिरा, मित्राच्या घरी. जपानात 1994 ला आलेलं मशीन आम्ही 2002 ला बघितलं. लेन्सचा भाग झिजला की ते उलटं करून ठेवल्यावर सीडी चालायची, ही एक फुंकरेच्या तोडीची युक्ती. पण तोवर पोरं बारावी-बिरावीत अडकली, गल्ली पांगली. भारी होतं, नाही म्हणत नाही. भाच्यानं वेगळं लिहावं.

प्रश्न : मारिओ तुमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणी संपवला? राजकन्या मिळाली का?

इतकी वर्षं मी ह्याचं उत्तर "मी" असं देत आलोय. आता खरं लिहितो.

आधी राजकन्येचं. प्रत्येक चौथ्या स्टेजला किल्ला, शेवटी ड्रॅगनला पाडलं की एक टोपीवालं बुटकं उभं असतं आणि इंग्रजीत काहीतरी लिहून येतं. आम्ही मराठी मीडियमची पोरं, त्यातला "थँक यू" तेवढा कळायचा. तेवढ्यावर खूष, वाटायचं हीच राजकन्या, सोडवली, आता पुढची. खरं तर ते बुटकं सांगत असतं की बाबा धन्यवाद, पण राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. सात वेळा तेच. आम्हाला वाटायचं राजाला लेकीच लई!

तर 1998 च्या उन्हाळ्यात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच होती, सगळी गल्ली तिकडं. संध्याकाळी घसा बसवून घरी आलो तर बहीण म्हणाली, "मी संपवलो मारिओ." कुणी लक्षच दिलं नाही. मग ती म्हणाली खरी राजकन्या शेवटी येते, झगा घातलेली, आणि मग परत सुरू होतो पण दुसराच, ती तपकिरी मशरूमं येतात ना चालत, त्यांच्या जागी काळी किडं येतात पाठीवर टोपलं घेतलेली आणि त्यांना आगीच्या गोळ्या मारल्या तरी मरत न्हाईत.

आम्ही हसून हसून लोळलो. गल्लीत ट्यूबलाईटवर बंदूक धरणाऱ्यावर विश्वास, रिमोट उलटा धरून कोड मारणाऱ्यावर विश्वास, आणि हिच्यावर नाही. "खोटारडी" हे नाव तिला वर्षभर चिकटलं. तिनं परत कधी सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत पुरातनं वाचलेली तीच कॅसेट लावून मी आणि भाचा बसलो. पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या स्टेजला वरनं छतावरनं जाऊन चौथ्या दुनियेत, तिथनं परत दुसऱ्या स्टेजला वेलीवरनं चढून थेट आठव्यात. आठव्याचे चार स्टेज चार संध्याकाळी. शेवटचा किल्ला भुलभुलैया आहे, चुकीच्या नळातनं गेलं की परत मागं. आणि ड्रॅगन पडला, आणि झगा घातलेली राजकन्या. खाली लिहून आलं की नवीन मोहीम आहे, बी दाब. दाबला. पहिल्याच स्टेजला, जिथं इतकी वर्षं ते तपकिरी मशरूम चालत यायचं, तिथनं काळा किडा आला. आगीचं फूल घेतलं, गोळी मारली. नाही मेला.

भाचा म्हणाला, "मामा, हे तर आईनं सांगितलेलं." ती त्याला लहानपणी झोपताना सांगायची म्हणे.

रात्रीच इचलकरंजीला फोन लावला तिला. सगळं ऐकून घेतलं, हसली पण नाही. "तवाच सांगितलं हुतं की," म्हणाली, "दिवाळीला येतो, एक नंबरचा रिमोट माझा."